माग दिसणार नाही, फक्त ऐकू येईल : विद्यार्थ्यांनी प्रायोगिक लघुपट कसा करावा

आमच्या घराची मागची भिंत आणि कारखान्याची पुढची भिंत एकच आहे. इचलकरंजीत अशी घरं पुष्कळ. भिंतीपलीकडे आठ यंत्रमाग, अलीकडे स्वयंपाकघर आणि आज्जीची खाट. मागांच्या खडखडाटात आज्जी गाढ झोपते आणि लाईट जाऊन माग थांबले की दचकून उठते. दुसऱ्या वर्षाला कॉलेजात 'प्रायोगिक लघुपट, पाच ते सात मिनिटं' असा प्रकल्प मिळाला तेव्हा माझ्या हाताशी एवढंच होतं. त्यातून सहा मिनिटं दहा सेकंदांची फिल्म झाली. दोन महिन्यांत व्हायला हवी होती, पाच लागले. जास्तीचे तीन महिने कुठे गेले ते तुम्हाला आधीच कळावं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

१. गोष्ट नको, आधी प्रश्न शोधा

'प्रायोगिक' म्हणजे कुणाला न कळणारं, अशी समजूत घेऊन बरेच जण सुरुवात करतात. मग आरसा, मेणबत्ती, जळणारा कागद, गच्चीचा जिना आणि उदास चेहरा एवढं सामान घेऊन फिल्म उभी राहते. वर्गात दहापैकी सहा फिल्म एकसारख्या दिसतात त्या यामुळे.

शाळेतली प्रयोगवही आठवा. वर 'उद्देश' लिहायचो, मग 'साहित्य', मग 'कृती'. फिल्मलाही हेच लागू पडतं. उद्देश म्हणजे एकच प्रश्न, ज्याचं उत्तर चित्रीकरण केल्याशिवाय तुम्हाला मिळणार नाही. माझा प्रश्न होता : माग अजिबात न दाखवता, तो घरात किती भरून राहिला आहे हे दाखवता येईल का?

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटाआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली. डोळ्यांना न दिसणारी वाढ पडद्यावर दिसू शकते का, एवढाच तो प्रश्न. पुढे भांडवल उभं करायला त्यांना हीच छोटी फिल्म उपयोगी पडली. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवातच अशा एका प्रयोगातून झाली, हे मला फार धीर देणारं वाटतं.

प्रश्न एका वाक्यात बसत नसेल तर तो अजून तयार नाही. वहीत लिहा, दोन दिवस ठेवा, पुन्हा वाचा.

२. नियम लिहून भिंतीवर लावा

पूर्ण लेखात एकच पायरी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. गोष्ट असलेल्या फिल्ममध्ये पुढचा शॉट कोणता हे गोष्ट सांगते. प्रायोगिक फिल्ममध्ये ते सांगणारं कुणी नसतं, म्हणून नियम लागतो. नियम नसेल तर संकलनाला बसल्यावर काहीही कुठेही लागू शकतं आणि माणूस हरवून जातो. मी पहिला दीड महिना असाच घालवला.

माझे नियम चार होते :

- माग दिसणार नाही. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) नाही, बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) नाही, कापड नाही.
- माग सतत ऐकू येईल, फक्त शेवटचं दीड मिनिट सोडून.
- कॅमेरा जागचा हलणार नाही.
- शॉटची लांबी मागाच्या ठोक्यांवर ठरेल.

चौथा नियम जरा उलगडून सांगते. फोनचं स्टॉपवॉच लावून मी आमच्या तीन नंबरच्या मागाचे ठोके दहा वेळा मोजले. मिनिटाला १२४ ते १२६ भरत होते, म्हणून १२५ धरले. फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे मिनिटाला १५०० फ्रेम. १५०० भागिले १२५ म्हणजे एका ठोक्याला बरोबर १२ फ्रेम. त्यावरून ठरवलं की शॉट एक तर १२ फ्रेमचा असेल, नाही तर ४८ किंवा १९२ फ्रेमचा. म्हणजे एक ठोका, चार ठोके किंवा सोळा ठोके. आई भाकरी थापते ते हात ४८ फ्रेम. आज्जीचा झोपलेला चेहरा १९२ फ्रेम. कपातल्या चहावर उठणारी थरथर १२ फ्रेम, पण पुन्हा पुन्हा.

सापळा असा की चित्रीकरणात एक अतिशय देखणा शॉट मिळतो आणि त्याच्यासाठी नियम मोडावासा वाटतो. मला सकाळच्या तिरक्या उन्हात उडणारा कापसाचा तूस आणि त्यामागे धावणारा धोटा असा शॉट मिळाला होता. तो ठेवला असता तर प्रेक्षक पुढची चार मिनिटं मागच शोधत बसला असता. मी तो काढला. अजूनही तो माझ्याकडे आहे, फिल्ममध्ये नाही.

तुमचा नियम वेगळा असेल. काही वाटा अशा :

ठरावीक वेळाने फोटो घेऊन वाढ दाखवायची असेल तर आधी भागाकार करा. मटकीला मोड येऊन रोप उभं राहीपर्यंत दहा दिवस धरले आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो घेतला, तर दिवसाला १४४ आणि एकूण १४४० फोटो होतात. २५ फ्रेमच्या हिशोबात ते एका मिनिटाला थोडे कमीच पडतात. रोप मोठ्या खोक्यात, एकाच बल्बखाली ठेवा. खिडकीतला उजेड दिवसभर बदलतो आणि चित्र लुकलुकत राहतं.

माणसांना बाहुल्यांसारखं फ्रेम-फ्रेमने हलवायचं असेल, तर एक फोटो दोन फ्रेम धरला तरी मिनिटाला ७५० फोटो लागतात. मित्राला हे आधी सांगा. तासाभराने तो कंटाळणार आहे.

घरातल्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील तर त्याही साहित्य आहेत. बुरशी धरलेली कॅसेट मात्र घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप आणि यंत्र दोन्ही जातात. कॅसेटवरून डिजिटल करून देणारे जुने व्हिडिओवाले अजून बऱ्याच गावांत आहेत.

३. थोडं पाहून घ्या

कथापट पाहून प्रायोगिक फिल्म करणं म्हणजे कादंबऱ्या वाचून कविता लिहायला बसणं. फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था १९४८ मध्ये सुरू झाली. साठच्या दशकात तिच्या छत्राखाली काही माणसांनी विलक्षण धाडसी काम केलं. प्रमोद पतींचा १९६८ चा 'एक्सप्लोरर' जरूर पाहा. सात-एक मिनिटांत आवाज आणि संकलन यांच्या जोरावर काय करता येतं ते कळतं. पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ पासूनची ही संस्था आहे आणि तिच्या ग्रंथालयात बसून वाचता येतं. पाच-सहा फिल्म पुरेत. एकच फिल्म तीनदा पाहा आणि तिसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा.

४. कागदपत्रं

आळस करून हे काम शेवटी ठेवाल तर महोत्सवाच्या वेळी रडकुंडीला याल. आताच एक फाईल करा :

- कॉलेजचं बोनाफाईड प्रमाणपत्र आणि ओळखपत्राची प्रत
- विभागप्रमुखांचं पत्र : ही फिल्म अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि व्यावसायिक नाही, असं लिहिलेलं
- जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र, स्वतःचं घर असलं तरी
- पडद्यावर दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या प्रत्येकाचं मराठीतलं संमतीपत्र. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही
- संगीत वा जुनं चित्रण वापरलं असेल तर त्याची लेखी परवानगी
- फिल्म शेवटी कुणाच्या मालकीची, कॉलेजच्या की तुमच्या, याचा कागद. हे कुणी विचारत नाही आणि नंतर वाद होतात.

संमतीपत्राबद्दल एक कळकळीचं सांगणं. आमच्याकडच्या एका कांडीवाल्या (धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या) मावशींनी गप्पांच्या ओघात मजुरीबद्दल, थकलेल्या बाकीबद्दल खूप काही सांगितलं. सही त्यांनी आधीच केली होती, त्यामुळे कागदोपत्री मला ते वापरता आलं असतं. पण त्या दुसऱ्या दिवशी कामाला जाणार होत्या, मी पुण्याला. मी त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्या म्हणाल्या, "एवढं काढून टाक बाई." काढलं. सही घेतली तरी जोडलेली फिल्म त्या माणसाला दाखवल्याशिवाय बाहेर काढू नका.

बाहेर चित्रीकरण असेल तर : रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका, ती विभागीय रेल्वेच्या जनसंपर्क कार्यालयाकडून मिळते. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांवर, लेण्यांमध्ये ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते. फोन हातात धरलात तर कुणी अडवत नाही, ट्रायपॉड उघडला की शिट्टी वाजते.

५. साधनं

माझी यादी : भावाचा फोन, जुना ट्रायपॉड, फोनला लागणारा कॉलरचा माईक, १ टीबीची हार्डडिस्क आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतला संगणक. नवीन घेतलं ते माईक आणि हार्डडिस्क एवढंच. भाड्याने कॅमेरा आणू का, असं पुष्कळ जण विचारतात. माझं मत नाही असं आहे. भाड्याचा कॅमेरा दिवसाच्या हिशोबाने येतो आणि प्रयोगाला वेळ लागतो. घरातला फोन पहाटे चारलाही हाताशी असतो.

६. फोन लावण्याआधी

पहिले दोन दिवस मी जे चित्रित केलं ते सगळं वाया गेलं. फोनच्या पडद्यावर ठीक दिसत होतं. संगणकावर लावलं तर प्रत्येक शॉटवरून काळपट पट्टे हळूहळू वर सरकत होते. कारण आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. फोन आपल्या मनाने सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग उजेड घेते) धरतो, आणि दोघांचा मेळ बसत नाही.

उपाय साधा आहे. फोनमध्ये प्रो मोड किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत ॲप घ्या आणि या गोष्टी हाताने ठरवा :

- फ्रेमरेट २५
- शटर १/५० (उजेड जास्त असेल तर १/१००)
- व्हाइट बॅलन्स (फोन कशाला पांढरं धरतो ते) बांधून टाका. नाही तर आईने लाल पातळ नेसून चौकटीत पाऊल टाकलं की भिंतीचा रंग बदलतो.
- फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक

त्यानंतर अर्ध्या मिनिटाचा नमुना घेऊन तो संगणकावर पाहा. फोनवर पाहून समाधान मानू नका.

दुसरा सापळा दिसत नाही म्हणून जास्त वाईट. बहुतेक फोन फ्रेमरेट एकसारखा ठेवत नाहीत, थोडा कमी-जास्त करत राहतात. त्यामुळे लांब शॉटमध्ये वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू सुटत जातो. माझ्या एका चार मिनिटांच्या शॉटच्या शेवटी आवाज जवळजवळ एका ठोक्याने मागे होता, आणि ज्या फिल्मचा जीवच ठोका तिथे एवढं बस्स झालं. संकलनाआधी सगळ्या क्लिप हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून काढून घ्या. एक रात्र जाते, पण पुढचा आठवडा वाचतो.

७. आवाज आधी, चित्र नंतर

माझ्यापुरतं सांगते, आधी सहा मिनिटांचा आवाज पूर्ण जोडला आणि मगच चित्र लावायला घेतलं. तुमची फिल्म आवाजावर नसली तरी एकदा असं करून बघा.

कारखान्यात उभं राहून रेकॉर्ड केलेला मागाचा आवाज ऐकला तर तो माग वाटतच नाही, नुसता फाटका खरखराट वाटतो. माईकला तेवढा आवाज झेपत नाही. रेकॉर्डिंग ॲपमधले आवाजाचे आकडे -१२ डेसिबलच्या आसपास राहतील एवढी पातळी कमी करा. फोनचं आपोआप आवाज वाढवणं-घटवणं असेल तर ते बंद करा. नाही तर माग थांबल्याक्षणी फोन शांतताच मोठी करून ठेवतो आणि सगळीकडे फुस्स आवाज भरतो. माझ्या शेवटच्या दीड मिनिटाचा जीव त्या शांततेत होता.

शेवटी मी माग सात ठिकाणांहून रेकॉर्ड केला : कारखान्याच्या दारात, अंगणात, स्वयंपाकघरात, बंद कपाटात, पाण्याच्या रिकाम्या पिंपात माईक सोडून, आज्जीच्या उशीखाली, आणि भिंतीला माईक टेकवून. उशीखालचा आवाज ऐकून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. खडखडाट कुठल्या कुठे गेला होता. उरला होता फक्त एक मऊ, खोल ठोका, कुणाच्या छातीला कान लावल्यासारखा. आज्जी त्या आवाजात का झोपते ते मला त्या रात्री कळलं. फिल्मचा मधला भाग पूर्ण त्या आवाजावर आहे.

प्रत्येक जागेचा, कुणी काही न बोलता, निदान एक मिनिट नुसता आवाज घेऊन ठेवा. दोन तुकडे जोडताना मधली फट त्यानेच भरते. फ्रीज बंद करायला विसरू नका, आणि नंतर सुरू करायलाही. आईने दूध ठेवलेलं असतं.

८. चित्रीकरणाचे दिवस

एका दिवसात आठ-दहा शॉट पुष्कळ झाले. वहीत शॉटचा नंबर, वेळ, आणि 'ठेवा / पुन्हा / नको' एवढंच लिहा. रोज रात्री हार्डडिस्कवर एक आणि दुसरीकडे एक अशा दोन प्रती केल्याशिवाय, आणि त्यातली एक उघडून पाहिल्याशिवाय, फोनमधलं काही पुसू नका.

९. संकलन

डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. प्रोजेक्ट उघडल्याबरोबर, एकही क्लिप आत आणण्याआधी फ्रेमरेट २५ करा. नंतर तो बदलणं अवघड जातं.

पहिली जोडणी झाली की ती अशा माणसाला दाखवा ज्याला सिनेमातलं काही कळत नाही, आणि "कळलं का?" असं विचारू नका. "कुठे कंटाळा आला?" एवढं विचारा. माझ्या मावशीने तिसऱ्या मिनिटाला भाजी निवडायला घेतली. तिथून मी चाळीस सेकंद कापले.

उपशीर्षकं लागणार असतील तर दोन ओळींपेक्षा जास्त नकोत. भाषांतर स्वतः करा. बाणा (आडवा धागा), कांडी, जॉबर (माग दुरुस्त करणारा) हे शब्द बाहेरच्या माणसाला कळत नाहीत आणि यंत्राकडून आलेलं भाषांतर त्यांचं काहीच्या काही करतं.

१०. संगीताचा हक्क

सर्वांत जास्त फिल्म इथेच अडकतात. तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा स्वामित्वहक्क नाही. पण ज्या गायकाचा अभंग तुम्ही लावता त्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क असतो आणि चालीवर संगीतकाराचा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, चालीचा आणि शब्दांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'फक्त दहा सेकंद वापरलं तर चालतं' असा कुठलाही नियम नाही. त्यापेक्षा घरातल्या कुणाला पारंपरिक चालीत गायला सांगा. फिल्ममध्ये आई जे गुणगुणते ते जात्यावरच्या ओवीचं तिच्या आईकडून आलेलं कडवं आहे, आणि त्याची परवानगी तिने स्वयंपाक करता करता दिली. सही मात्र कागदावर घेतली.

११. महोत्सवाला पाठवताना

एक चूक मी केली, तुम्ही करू नका. फिल्म झाली त्या आनंदात ती त्याच रात्री यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुली केली. नंतर कळलं की बरेच महोत्सव आधी इंटरनेटवर आलेली फिल्म घेत नाहीत. पासवर्ड घातलेली खासगी लिंक ठेवा.

मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे 'मिफ', १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी भरतो, तिथे विद्यार्थ्यांच्या फिल्मचाही विचार होतो. केरळच्या माहितीपट-लघुपट महोत्सवात कॅम्पस फिल्मचा वेगळा विभाग असतो. नियमावली दरवर्षी नव्याने वाचा. फी मागणाऱ्या महोत्सवांबाबत जपून राहा. एका ठिकाणी मी पैसे भरले, पोच आली आणि पुढे एक अक्षर नाही. मागच्या वर्षी त्यांनी खरंच कुठे, कोणत्या सभागृहात खेळ लावले ते शोधा. सापडलं नाही तर पैसे भरू नका.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची धास्ती घेऊ नका. महोत्सवातल्या खेळांसाठी त्यातून सूट मागण्याचं काम आयोजक करतात.

सोबत लागेल : पन्नास शब्दांत फिल्मची ओळख, तुमची चार ओळींची माहिती, फिल्ममधली तीन चित्रं, उपशीर्षकांची फाईल आणि कॉलेजचं पत्र. ओळखीत 'मानवी अस्तित्वाचा शोध' असलं काही लिहू नका. मी लिहिलं होतं : 'यंत्रमागाशेजारच्या एका घरातला एक दिवस. माग दिसत नाही.'

१२. पहिला खेळ

जिथे फिल्म केली तिथे ती आधी लावा. कॉलेजातल्या परीक्षणाआधीच लावता आली तर उत्तम. आम्ही एका सुट्टीच्या संध्याकाळी कारखान्यातच लावली. कोऱ्या कापडाचा ताका उलगडून दोन मागांच्या मधे पडदा ताणला. तो खालून जड काठीने ओढून धरावा लागतो, नाही तर पंख्याच्या वाऱ्याने चित्र हलतं. प्रोजेक्टर कॉलेजातून मागून आणला. त्यासोबतचा छोटा स्पीकर अशा जागेत पुरत नाही, गणपती मंडळाचा मिळाला तर तो घ्या. अंधार होण्याची वाट पाहा आणि माणसं बसण्याआधी आवाज एकदा तपासून घ्या.

जॉबरकाका पहिल्या रांगेत, सुताच्या पोत्यावर बसले होते. फिल्म सुरू होऊन अर्धं मिनिट झालं असेल. पडद्यावर फक्त चहाचा कप होता. ते शेजारच्याला म्हणाले, "तीन नंबर आहे हा. पिकर झिजलाय त्याचा, ऐक." आणि फिल्म संपल्यावर, लाईट लागल्याबरोबर, ते आधी उठून तीन नंबरच्या मागाकडे गेले.